गुप्तहेरांच्या मागावर खानदेशात!

दोस्तांनो, गुप्तहेर म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं? लांब कोट, काळा चष्मा, हातात पिस्तूल आणि मागे ढँटढँण असं संगीत! तुमच्या आई-बाबांना विचारा. त्यांना १९८५ सालचा दूरदर्शनवरचा गाजर खाणारा ‘करमचंद’ आठवेल, १९९३ सालचा धोतर नेसलेला ‘ब्योमकेश बक्षी’ आठवेल. १९९८ पासून ‘सीआयडी’नं घराघरांत दारं तोडली. अलीकडच्या ‘द फॅमिली मॅन’मधला हेर तर मुलांची शाळा, घराचा हप्ता आणि बायकोचे फोन सांभाळत देशाचं रक्षण करतो.

पुस्तकांतही हेरांची कमी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय, झुंजार आणि काळा पहाड आजोबांच्या पिढीनं वाचनालयात रांगा लावून वाचले. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्याही हजारावर. आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर तुमचाच दोस्त. ‘ट्टॉक्’ केलं की समजायचं, कुठेतरी काहीतरी शिजतंय!

पण खरे हेर असे असतात का हो? जेम्स बाँड रंगवणारा इयान फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता. म्हणजे त्याला खरं काय ते पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं बाँडला मोटारी उडवायला लावल्या, कारण खरं काम वाचायला फार संथ! जॉन ल कारे हा दुसरा इंग्रज लेखकही गुप्तचर खात्यातच होता. त्याचा नायक जॉर्ज स्मायली मात्र बुटका, जाडसर आणि सतत चष्मा पुसणारा. गर्दीत कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा. हेराचं खरं सोंग हेच. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो सगळ्यांकडे बघत असतो.

असे खरे हेर, खऱ्या बातम्या आणि खरी दगाबाजी शोधायला लंडन-मॉस्कोला जायची गरज नाही. धुळ्याची एसटी पकडा. आपण खानदेशात निघालोय. एक मात्र सांगून ठेवतो. आपली गाडी रस्त्याप्रमाणे जाईल, इतिहासाच्या तारखांप्रमाणे नाही. त्यामुळे कधी सतराव्या शतकात, तर कधी १९४४ मध्ये उतरावं लागेल. तयार?

धुळे : बातम्यांचं कोठार

धुळं हे आग्रा रोडवरचं शहर. मुंबईहून आग्र्याला जाणारा जुना रस्ता इथूनच जातो. रस्ता आला की माल आला, फौजा आल्या आणि त्यांच्याबरोबर बातम्याही आल्या. दक्षिणेला लळिंगचा किल्ला आणि उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर सोनगीरचा. दोन्ही किल्ले या रस्त्यावर डोळा ठेवून बसलेले.

पण आपण किल्ल्यावर नाही, एका संशोधन संस्थेत जायचं आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट करून जुनी कागदपत्रं गोळा केली. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटाऱ्यात, तर कुणाच्या वाण्याच्या दुकानात रद्दीत पडलेली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं त्यांनी ती छापली. पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे एकूण २२ खंड झाले. त्यांच्या मागे १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांचा संग्रह तिथे सांभाळला गेला.

तुम्ही म्हणाल, जुन्या कागदांचा आणि हेरांचा काय संबंध? अहो, फार मोठा संबंध! पेशवाईतली हजारो पत्रं म्हणजे बातमीपत्रंच. दिल्लीच्या, हैदराबादच्या, म्हैसूरच्या दरबारात मराठ्यांचे वकील असत. हे वकील म्हणजे आजच्यासारखे काळा कोट घालून कोर्टात उभे राहणारे नव्हेत. ते राजदूत. दरबारात कोण रुसला, कुणाचा पगार थकला, कुणाची फौज कुठे हलली, बाजारात धान्याचा भाव काय, हे सगळं ते लिहून पाठवत. धान्याचा भाव कशाला? सोपं आहे. एखाद्या गावात धान्य एकदम महागलं, तर ते कुणीतरी मोठ्या प्रमाणात उचललंय. एवढं धान्य कोण उचलतं? लढाईला निघालेली फौज!

ही पत्रं पोचवणारा तो जासूद किंवा हरकारा. ‘जासूद’ या शब्दाचा अर्थ हेरही होतो आणि पत्र नेणारा निरोप्याही होतो. एकाच माणसाला दोन्ही कामं करावी लागत, म्हणून शब्दही एकच. घाई असली की सांडणीस्वार निघे. सांडणी म्हणजे वेगानं धावणारी उंटीण.

आणि वाटेत पत्र शत्रूच्या हाती लागलं तर? म्हणून सांकेतिक भाषा. याची सगळ्यांत काळजाला भिडणारी गोष्ट पानिपतची आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांना काहीच कळेना, कारण बातम्यांची साखळीच तुटली होती. भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, त्यांच्या माणसांना एक जासूद सापडला. तो एका सावकाराचं पत्र घेऊन दक्षिणेकडे चालला होता. पत्रात होता पेढीचा हिशेब. दोन मोती गेले, काही मोहरा गेल्या आणि खुर्दा किती गेला त्याला गणतीच नाही! नानासाहेबांना अर्थ उमगायला वेळ लागला नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि त्यांचा स्वतःचा मुलगा विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. आणि खुर्दा म्हणजे साधे शिपाई.

विचार करा. राज्याचं एवढं मोठं बातमीखातं गप्प झालं होतं, आणि खबर आणली एका व्यापाऱ्याच्या टपालानं. व्यापाऱ्यांचं जाळं राजाच्या जाळ्यापेक्षा वेगवान ठरलं. शिवाय एवढ्या हजारो माणसांचा उल्लेख ‘सुटे पैसे’ असा झाला, हेही वाचताना कुठेतरी टोचतंच.

गुप्त लिपीचं मराठीतलं आणखी जुनं उदाहरण महानुभाव पंथाचं. आपले ग्रंथ परक्याच्या हाती पडले तरी कुणाला वाचता येऊ नयेत, म्हणून त्यांनी ते ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. कित्येक शतकं ते बाहेरच्यांना कळत नव्हते. हे कोडं ज्या अभ्यासकांनी सोडवलं, त्यांत आपले राजवाडेही होते. म्हणजे हेरगिरी न करता गुप्तहेराचं डोकं! असं एक छोटं कोडं शेवटी तुमच्यासाठीही ठेवलंय.

धरणगाव आणि चोपडा : बहिर्जीची पावलं

धुळ्याहून अमळनेरमार्गे धरणगावला या. हे जळगाव जिल्ह्यातलं गाव. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस आणि केळी दिसतील. भूक लागली तर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मागा. तिखट झेपत नसेल तर शेवभाजीच्या वाटेला जाऊ नका!

आज शांत वाटणारं धरणगाव सतराव्या शतकात कापडाच्या व्यापारासाठी नावाजलेलं होतं. इंग्रजांनी इथे वखार घातली होती. जिथे पैसा, तिथे नजरा. १६७९ साली मराठी फौजांनी धरणगाव आणि चोपडा ही दोन्ही ठाणी लुटली. तेव्हा खानदेश मोगलांच्या ताब्यात होता आणि ही गावं म्हणजे मोगलांच्या तिजोऱ्या होत्या.

पण परमुलखात एवढ्या आत घुसायचं, तर कुठे किती फौज आहे, नदीला कुठे उतार आहे, कुठल्या पेठेत माल आलाय, हे आधी कळायला हवं. इथे येतात बहिर्जी नाईक. शिवकालावरच्या मालिका आणि चित्रपटांत बहिर्जी हमखास असतात. कधी फकीर, कधी वासुदेव, कधी कोळी अशी त्यांची सोंगं आपण बघतो. खरं सांगायचं, तर बहिर्जींबद्दल लिहिलेलं फार थोडं सापडतं. आणि ते साहजिक आहे. ज्या हेराची सगळी माहिती कागदावर सापडते, तो कसला हेर?

तरी जे सापडतं तेही मोलाचं आहे. शिवरायांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदानं बखर लिहिली. त्यात बहिर्जी हेरांचे प्रमुख म्हणून येतात. १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेआधी तिथली खबर त्यांनीच आणली होती. आणि त्यांची दुसरी मोठी कामगिरी १६७९ सालच्या जालन्याच्या मोहिमेतली. जालना घेऊन परतताना महाराजांना मोगली फौजेनं गाठलं. लढाई झाली. आणखी मोगल फौज जवळ येत होती. तेव्हा बहिर्जींनी महाराजांना आडवाटेनं, रात्रंदिवस चालवत पट्टागडावर सुखरूप पोचवलं. तिथे महाराजांनी विश्रांती घेतली, म्हणून त्या गडाला विश्रामगड म्हणतात.

बघा, या गोष्टीत वेषांतर नाही, खंजीर नाही. आहे फक्त एक वाट. शत्रूला माहीत नसलेली आणि बहिर्जींना पाठ असलेली. ती पाठ व्हायला आधी किती दिवस डोंगरात हिंडावं लागलं असेल! टीव्हीवर हे दाखवत नाहीत, कारण दगड-धोंड्यांतून चालणारा माणूस अर्धा तास कोण बघणार?

धरणगावात आणखी एक खूण आहे. पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. सातपुड्यातल्या आणि सातमाळ्याच्या डोंगरातल्या भिल्लांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं. गोऱ्या शिपायांना ना डोंगर माहीत, ना भाषा. शेवटी १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांनाच शिपाई केलं. का? कारण गावोगावचे जागले बहुतेक भिल्लच असत. रानातला वाकलेला काडीचा तुकडा पाहून इथून कोण, कधी गेलं, हे ते सांगत. डोंगराची माहिती विकत मिळत नव्हती, म्हणून माहिती असलेला माणूसच इंग्रजांनी नोकरीत घेतला. ही युक्ती पुढे कशी उलटली, ते शिरपूरला कळेल.

फैजपूर : साध्या वेषातले पोलीस

चोपड्याहून पूर्वेला, यावलच्या पुढे फैजपूर. केळीच्या बागांतलं हे गाव. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटयांनी मंडपनगरी सजवली होती.

अशा सभांना गर्दीत आणखी एक जात हमखास असे. साध्या वेषातले गुप्त पोलीस! पुढाऱ्यांची भाषणं ते लघुलिपीत भराभर उतरवून घेत आणि वर अहवाल पाठवत. हिंदुस्थानातल्या गुप्तवार्ता खात्याची सुरुवात १८८७ सालची. आजचं ‘इंटेलिजन्स ब्यूरो’ हे त्याचंच पुढचं रूप. त्या काळी या खात्याचं मोठं काम म्हणजे आपल्याच देशभक्तांवर नजर ठेवणं.

फैजपूरला आलेल्या एका पाहुण्यामागे तर या हेरांनी अर्धं जग पालथं घातलं होतं. त्यांचं नाव मानवेंद्रनाथ रॉय. खरं नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य. अमेरिकेत असताना त्यांनी नाव बदललं. पुढे मेक्सिको, मॉस्को, बर्लिन असे फिरत १९३० च्या अखेरीस ते गुपचूप भारतात परतले आणि ‘डॉ. महमूद’ या नावानं वावरू लागले. जुलै १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले. नोव्हेंबर १९३६ मध्ये तुरुंगातून सुटले आणि महिनाभरात फैजपूरच्या अधिवेशनाला हजर!

आणि गंमत बघा. हे अधिवेशन पार पाडण्यासाठी राबणाऱ्यांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी होते. ते आधी पोलीस खात्यात होते. ती नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत आले. म्हणजे पहारा देणाराच एक दिवस पहाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

त्या गुप्त अहवालांचं पुढे काय झालं? स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं जुन्या पोलीस दप्तरातले कागद छापायला घेतले. १९५७ पासून त्यांचे खंड निघाले. ज्या कागदांनी देशभक्तांना तुरुंगात पाठवायचं, तेच कागद आज त्यांच्या देशभक्तीचा पुरावा झाले आहेत. अमुक सभेत अमुक माणूस सरकारविरुद्ध काय बोलला, हे आपल्याला कळतं ते तिथे बसलेल्या हेरानं टिपून ठेवलं म्हणून!

शिरपूर : विश्वासाची किंमत

आता उलट फिरा. फैजपूर, यावल, चोपडा करत सातपुड्याच्या पायथ्यानं पश्चिमेला शिरपूर गाठा. इथे पुन्हा आग्रा रोड भेटतो. पुढे पळासनेरवरून तो सेंधव्याच्या घाटात चढतो. आज इथून ट्रकच्या रांगा जातात. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हा घाट म्हणजे प्रवाशांचा जीव मुठीत.

या घाटाची राखण इंग्रजांनी खाज्या नाईक या भिल्ल नायकाकडे दिली होती. आधी त्याचा बाप गुमानसिंग हे काम करी. वाटेची, वाटसरूंची आणि वाटमाऱ्यांची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस. पण १८५७ चा उठाव झाला आणि खाज्यानं इंग्रजांची चाकरी झुगारली. आता तीच माहिती उलट्या बाजूनं वापरली जाऊ लागली. नोव्हेंबर १८५७ मध्ये या रस्त्यानं जाणारा सुमारे ७ लाख रुपयांचा सरकारी खजिना त्यानं लुटला. टपाल आणि तारेच्या मार्गावरचा हा घाट अडला, म्हणजे मुंबई आणि इंदूर यांच्यातल्या बातम्याच अडल्या.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी इथे इंग्रज फौज आणि भिल्ल यांची मोठी लढाई झाली. अनेक भिल्ल मारले गेले, बायकामुलंही पकडली गेली. पण खाज्या सापडला नाही. तो आणखी दोन वर्षं डोंगरात फिरत राहिला. फौजेला तो हाती लागेना, तोफेला लागेना.

मग इंग्रजांनी काय केलं? जे लढाईनं जमलं नाही, ते एका माणसानं केलं. एक मकराणी जमादार खाज्याच्या टोळीत शिरला. त्यानं विश्वास मिळवला, बरोबर खाल्लं-प्यालं आणि १८६० मध्ये संधी साधून दग्यानं खाज्याचा जीव घेतला.

दोस्तांनो, इथे जरा थांबू या. मालिकेत शत्रूच्या टोळीत शिरणारा हेर आपला नायक असतो. त्यानं म्होरक्याला संपवलं की आपण टाळ्या वाजवतो. मग या जमादारासाठी टाळ्या का वाजवाव्याशा वाटत नाहीत? त्यानंही तेच केलं की! दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर इंग्रजांच्या दृष्टीनं तो कामगिरी फत्ते करणारा हेर. आपल्या दृष्टीनं दगाबाज. मराठीत म्हणूनच एका कामाला इतके शब्द आहेत. आपला असला की हेर, परक्याचा असला की खबऱ्या, आणि आपल्यातलाच फुटला की फितूर. हेरगिरीचं हत्यार नेहमी एकच असतं, माणसाचा माणसावरचा विश्वास. ते कुणासाठी आणि कशासाठी चालवलं, हे मात्र प्रत्येक वेळी विचारावं लागतं. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त विद्यार्थी, गृहस्थ, व्यापारी, तपस्वी अशा कितीतरी वेषांतले हेर सांगितले आहेत. १९९१ मधल्या दूरदर्शनच्या ‘चाणक्य’ मालिकेमुळे ते घरोघर पोचले. पण तो हुशार कौटिल्यही एका हेरावर विसंबत नाही. तीन वेगवेगळ्या हेरांची बातमी जुळली तरच ती खरी माना, असं तो सांगतो. विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात कुणावरच पुरता विश्वास नाही!

चिमठाणे : साऱ्या मुलखाची चुप्पी

शेवटचा मुक्काम चिमठाणे. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातलं, दोंडाईच्याच्या रस्त्यावरचं हे गाव. इथे क्रांतिस्मारक आहे. एसटीतून उतरून दोन मिनिटं त्याच्यासमोर उभे राहा.

१९४२ ला ‘चले जाव’ची हाक आली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे साथीदार गोळीबारात शहीद झाले. शिरीषकुमार तेव्हा सोळाही पूर्ण नव्हता. पुढारी तुरुंगात गेले आणि चळवळ जमिनीखाली गेली. सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि त्याची तुफान सेना तयार झाली. पण सेनेला पैसा हवा. तो आणायचा कुठून? इंग्रजांच्याच तिजोरीतून!

१४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे सरकारी खजिना मोटारीनं निघाला होता. चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी ती मोटार अडवली आणि सुमारे साडेपाच लाखांचा खजिना ताब्यात घेतला. त्यात साताऱ्याकडचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी होते. खानदेशातून अमळनेर तालुक्यातल्या डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील होते. त्यांच्या पत्नी लीलाताई याही भूमिगत चळवळीतल्या धाडसी कार्यकर्त्या.

आता आपण हेराच्या डोळ्यांनी या घटनेकडे बघू. खजिना लुटायचा, तर आधी काय काय कळायला हवं? कुठल्या दिवशी निघणार? कुठल्या वाहनानं? बरोबर बंदूकधारी किती? रस्त्यात निर्जन जागा कुठली? आणि नंतर पळायचं कुठून? हे साताऱ्याच्या माणसाला तिथे बसून कसं कळणार? तो इथे येऊन चौकशी करू लागला, तर पहिल्याच वाक्यात उघडा पडणार. कारण इकडची बोली अहिराणी. इथला माणूस विचारणार, “काय करी राह्यना?” आणि सातारकर “काय न्हाय गा” म्हणून मोकळा! संपलं. म्हणून अशा कामाला इथल्याच मातीतली माणसं लागतात. वाट दाखवणारी, भाकरी देणारी, रात्री दार उघडणारी. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत.

आणि लुटीनंतर? पोलिसांनी मुलूख पिंजून काढला नसेल का? अशा वेळी माहिती देणाऱ्याला सरकार बक्षीस देतं, लपवणाऱ्याला मार. दोन वेळची भ्रांत असलेल्या घरात बक्षिसाची रक्कम म्हणजे केवढी मोठी गोष्ट! तरीही खुद्द नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. त्यांच्या माथ्यावर बक्षीस होतं, गावोगाव त्यांना ओळखणारी माणसं होती. फितूर नव्हतेच असं नाही. फितुरांना प्रतिसरकारनं कडक शिक्षाही केल्या. पण हजारो माणसं केवळ शिक्षेच्या भीतीनं गप्प बसत नाहीत. ती गप्प बसतात, कारण त्यांना ते काम आपलं वाटतं. शिरपूरला एका माणसाच्या फितुरीनं जे घडलं, ते इथे घडलं नाही.

नाना पाटलांची मुलगी हौसाताई हिची गोष्ट तर कुठल्याही मालिकेला लाजवेल. एका पोलीस ठाण्यातली शस्त्रं पळवायची होती. ठाण्यासमोर एका ‘भावा’नं आपल्या ‘बहिणी’ला मारायला सुरुवात केली. आरडाओरडा झाला, गर्दी जमली, पोलीस भांडण सोडवायला बाहेर धावले. तेवढ्यात साथीदारांनी आतली शस्त्रं लांबवली! मार खाणारी ती बहीण म्हणजे हौसाताई. नाटक खरं वाटावं म्हणून मारही खराच बसला होता. पुढे गोव्यात अडकलेल्या एका साथीदाराला निरोप पोचवायला त्या गेल्या, तेव्हा चिठ्ठी केसांत लपवली होती. परतताना रात्री मांडवी नदी एका लाकडी पेटीच्या आधारानं ओलांडली. या हौसाताई पाटील २०२१ पर्यंत आपल्यात होत्या. त्यांच्याकडे बघून कुणाला वाटलं असतं, की या आजी एके काळी गुप्त निरोप नेत होत्या? पुन्हा तेच. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो खरा हेर.

जाता जाता

आज आपल्या देशाकडे परदेशातली माहिती मिळवणारी ‘रॉ’ ही संस्था आहे. ती १९६८ मध्ये स्थापन झाली आणि रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख. उपग्रह आहेत, संगणक आहेत. तरी कामाचं मूळ तेच राहिलंय. नीट बघा, नीट ऐका, खात्री करा आणि तोंड बंद ठेवा. यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड!

म्हणून पुढच्या वेळी टीव्हीवर हेर धडाधड गोळ्या झाडू लागला, की जरूर मजा घ्या. पण मनात दोन प्रश्न विचारा. याला ही बातमी दिली कुणी? आणि हा कुणासाठी काम करतोय? चिमठाण्याच्या वाटेवर ज्यांनी ओठ मिटून घेतले, त्यांना पडद्यावर जागा मिळाली नाही. त्यांच्या गप्प बसण्यावरच मात्र ती सगळी गोष्ट उभी होती.

करून पाहा : तुमची गुप्त लिपी

वहीत ही अक्षरं ओळीनं लिहा :
क ख ग घ ङ च छ ज झ ञ ट ठ ड ढ ण त थ द ध न प फ ब भ म य र ल व श ष स ह ळ

आता प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्या पुढचं अक्षर घ्या. ‘ळ’नंतर पुन्हा ‘क’. काना, मात्रा, वेलांटी, उकार आहेत तसेच ठेवा. म्हणजे ‘धुळे’ होईल ‘नुके’ आणि ‘जळगाव’ होईल ‘झकघाश’! उलगडताना एकेक अक्षर मागे या.

तर सांगा पाहू, या लेखातलं हे गाव कोणतं : छियडाते ?

आणि हे : षिलफूल ?

जमलं? मग तुमच्या दोस्ताला आजच एक गुप्त चिठ्ठी लिहा. फक्त गणिताच्या तासाला नको. बाईंनी लहानपणी हीच लिपी वापरलेली असू शकते!